अब्बांचा फोटो

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ल्याच्या आमच्या घरात पाणी शिरले आणि मरहूम अब्बांचा एकमेव फोटो भिजला.

परवा तो घाटकोपरला फोटो दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडे नेला. त्याने फोटो स्कॅन केला, शेजारचा चांगला भाग घेऊन डाग बुजवले, पुसलेला डावा कान उजव्यावरून रेखाटला. मग विचारले, "रंग थोडा उजळ करू?"

अम्मी म्हणाली, "नको बेटा. ते सावळेच होते."

डाग जरूर काढावेत, माणूस बदलू नये. मुलीच्या रिश्त्यासाठी फोटो पाठवतानाही हेच लक्षात ठेवूया. उजळवलेला फोटो पाहून आलेले लोक शेवटी मुलीलाच पाहणार असतात.