नाव काशीचे, गळा कोणाचा?

फुटबॉल सामन्यांना 'वातावरण' नाही, अशी तक्रार भारतीय फुटबॉलचे व्यवस्थापक आणि त्यांचे जाहिरातदार सतत करीत असतात. युरोपातील मैदानांवर हजारो माणसे एका सुरात गातात, मग आपला प्रेक्षक मुका का, असा त्यांचा सवाल असतो. त्यावर सुचणारे उपायही त्यांच्या वर्गाला साजेसेच आहेत. मोठे कर्णे आणावेत, भाड्याचे ढोल बसवावेत, माईकवरून टाळ्यांचे हुकूम सोडणारा निवेदक नेमावा! गाणे ही बाजारातून विकत आणून मैदानात सोडण्याची वस्तू आहे, हे या मंडळींनी गृहीतच धरलेले आहे. या गृहीतकाचा पोकळपणा वाराणसीच्या उदाहरणाने जितका उघडा पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाने पडेल.

२०२३ साली 'इंटर काशी' या नावाचा संघ आय-लीगमध्ये उतरला. नाव काशीचे, मालकी कोलकात्याच्या आरडीबी या उद्योगसमूहाची आणि सहकार्याचा करार माद्रिदच्या ॲटलेटिको क्लबशी. मैदान मात्र काशीत नव्हते! संघाचे 'घरचे' सामने खेळवले गेले ते पश्चिम बंगालमधील कल्याणी येथे, वाराणसीपासून सहाशे किलोमीटरहून अधिक दूर. मदनपुऱ्याच्या विणकराने किंवा घाटावरच्या नावाड्याने आपल्या शहराच्या संघासाठी घसा फोडायचा म्हटले, तर दोन दिवसांची मजुरी आणि रेल्वेचे भाडे आधी मोजायला हवे. पुढे २०२४-२५ च्या हंगामाचे विजेतेपदही या संघाला मिळाले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आधी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेते ठरवले होते. हा निर्णय स्वित्झर्लंडमधील लुझानच्या क्रीडा लवादाने जुलै २०२५ मध्ये फिरवला. खेळाडूंनी घाम गाळला यात शंका नाही आणि त्यांना न्याय मिळाला हे योग्यच झाले. पण ज्या शहराच्या नावाने संघ जिंकला, त्या शहराला तो आनंद वकिलांच्या हातून, वर्तमानपत्रातून मिळाला. अशा संघाला गाणे कोठून येणार?

बनारस मुके आहे काय? याच शहरात बिरह्याचे दंगल होतात. समोरासमोर दोन गायक, हातात करताल, मागे टेक उचलणारे साथीदार आणि भोवती रात्रभर बसलेले गवळी, मजूर, रिक्षावाले. गायक चुकला तर श्रोते त्याला सोडीत नाहीत, आणि कडवे जमले तर टेक त्यांच्याच तोंडात जाऊन बसते. पलीकडे रामनगरच्या रामलीलेत आजही ध्वनिक्षेपक लागत नाही, विजेचा दिवाही नाही, तरी हजारोंच्या समुदायाचा प्रतिसाद मैदानाच्या टोकापर्यंत जातो. गळा आहे, ताल आहे, प्रतिपक्षाला टोमणा मारण्याची हौसही भरपूर आहे. संघाचा आणि या गळ्याचा संबंध तेवढा मालकांनी कधी जोडलेला नाही.

समूहगान कसे उभे राहते, हे महाराष्ट्रातील कष्टकरी चळवळीला कोणी शिकवायला नको. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांच्याजवळ डफ, तुणतुणे आणि गिरणगावाच्या जिभेवरची भाषा होती. शाहीर कडवे म्हणतो, जनता पालुपद उचलते. पालुपद छोटे, ओळखीच्या चालीचे आणि पहिल्या खेपेला तोंडी बसणारे असावे लागते. लिव्हरपूलमध्ये गोलामागच्या 'कॉप' नावाच्या उतारावर नेमके हेच घडले. तेथे गोदी कामगार खांद्याला खांदा लावून उभे असत. डोक्यावरचे छप्पर आवाज परत फेकी, तिकीट मजुरीत परवडे आणि चाली रेडिओवरच्या रोजच्या गाण्यांच्या असत. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ जणांचे प्राण गेले. पोलिसांच्या चुकांचे खापर वर्षानुवर्षे प्रेक्षकांवरच फोडले गेले. प्रेक्षक निर्दोष आहेत, हे अधिकृतपणे मान्य व्हायला २०१६ उजाडावे लागले. दरम्यान सर्वत्र खुर्च्या बसल्या, तिकिटे महागली, कामगार बाहेर गेला आणि त्याच्याबरोबर गाणेही पातळ झाले. २०२० च्या साथीत रिकाम्या मैदानांवर दूरचित्रवाणीने ध्वनिमुद्रित गोंगाट पेरला, तेव्हा भांडवलदारी क्रीडाव्यवसायाचे स्वप्नच जणू साकार झाले. माणूस नाही, पण त्याचा आवाज आहे!

आपल्याजवळचे कोल्हापूर पाहावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही संघांची नावेच पेठेतून आलेली आहेत. शाहू स्टेडियमवर प्रेक्षक पायी येतो, आपल्या गल्लीचा पोरगा खेळताना पाहतो आणि हलगी आपोआप वाजते. तेथे शिवीगाळ आणि हाणामाऱ्याही झाल्या आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. गर्दी म्हणजे पावित्र्य नव्हे. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबादच्या क्रिकेट मैदानावर पाकिस्तानच्या खेळाडूला उद्देशून ज्या घोषणा झाल्या, त्यालाही कोणी 'वातावरण'च म्हणाले असेल. ज्या वाराणसीत साडी विणणारा मुसलमान आणि विकणारा हिंदू एकाच धाग्याने बांधलेले आहेत, तेथे अशा घोषणांना मैदानात जागा मिळाली तर निम्मे शहर घरी बसेल. म्हणून गाणे कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर काढते, हे विचारण्याची जबाबदारी लोकशाहीवादी प्रेक्षकांचीच आहे.

सत्ताधाऱ्यांना खरी भीती वेगळ्याच गाण्याची वाटते. १८ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना सुरक्षेचे कारण सांगून रद्द करण्यात आला. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरच्या बलात्कार आणि हत्येने शहर पेटलेले होते. शतकभराचे प्रतिस्पर्धी त्या संध्याकाळी बंद मैदानाबाहेर एकत्र आले, एकमेकांच्या रंगांचे झेंडे खांद्यावर घेऊन एकच घोषणा देऊ लागले, आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. वातावरण हवे म्हणणाऱ्यांना हे वातावरण मात्र नको असते.

वाराणसीत पैसा नाही, असेही कोणी म्हणू नये. गंजारी येथे तीस हजार प्रेक्षकांच्या क्रिकेट मैदानाची कोनशिला २३ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बसली. त्याच्या आराखड्यात छप्पर चंद्रकोरीचे आणि दिव्यांचे खांब त्रिशूळाचे. सिग्रा येथील क्रीडासंकुलातील २०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या कामांचे उद्घाटन २० ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. महादेवाला लोखंडात ओतता येते, तर त्याच्या नगरीच्या फुटबॉल संघाला गोलामागे उभे राहण्याच्या स्वस्त जागेसह एक मैदान देता आले पाहिजे. जर्मनीत क्लबमधील बहुमताचा अधिकार सभासदांकडे ठेवणारा नियम आहे, आणि डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूला पंचवीस हजारांच्या आसपास माणसे उभ्याने गातात. काशीच्या नावावर संघ चालवणाऱ्यांनी काशीकरांना सभासदत्व आणि कारभारात मत द्यावे, तिकीट रोजंदारीच्या आवाक्यात ठेवावे आणि कर्णे बंद करावेत. टेक कोणी उचलायची, ते बिरह्याचे आखाडे ठरवतील.