‘हे निसर्गाचंच आहे!’

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या कुरडयांचा पार लगदा झाला. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे उठून शिजवून गच्चीवर घातलेल्या कुरडया! दुपारी आभाळ भरून आलं आणि मी आणि लेक जिना चढून वर पोहोचेपर्यंत सगळं वाहून गेलं. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. एरवीची त्याची तारीख ११ जून.

संध्याकाळी चहाला वादाला तोंड फुटलं. लेक तणतणत म्हणाली, ‘‘हे सगळं माणसानंच करून ठेवलंय. हवामान बदल म्हणतात तो हाच.’’

माझे सासरे, अण्णा, शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, ‘‘काही नाही गं. निसर्गाचं चक्र आहे. बहात्तर साली काय एवढ्या गाड्या आणि एसी होते? तरी प्यायला पाणी नव्हतं.’’

बहात्तरचा विषय निघाला की आमच्या घरात सगळे गप्प होतात. कारण अण्णांनी १९७२ चा दुष्काळ पुस्तकात वाचलेला नाही, दुष्काळी कामावर खडी फोडून आणि सुकडी खाऊन काढलेला आहे. आणि त्यांचं म्हणणं खोटंही नाही. त्या वर्षी प्रशांत महासागरात ‘एल निनो’ होता, त्यानं आपला पाऊस ओढला. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळामागेही एल निनो होताच. हिमयुगं तर माणसानं चूल पेटवण्याच्या आधीपासून येत-जात आहेत. निसर्ग बदलतो, यात वाद नाही.

लेकीचंही थोडं चुकलंच. एका पावसावरून निदान होत नाही. एक शिंक आली म्हणून न्यूमोनिया झाला असं कुणी म्हणत नाही.

पण रात्री भांडी आवरताना अण्णांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ‘निसर्गाचं आहे.’ हे कुठं ऐकलंय मी? आणि आठवलं. माझ्या आईच्या बाबतीत!

आई पंचेचाळीस वर्षांची असताना तिला अंगावरून खूप जायचं. जिना चढताना धाप लागायची, भाकरी थापता थापता ती मध्येच खाली बसायची. आत्या, काकू, शेजारपाजारच्या सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘‘पाळी जायचं वय आहे, असं व्हायचंच. निसर्गाचं आहे ते.’’ आईलाही ते पटलं होतं. दोन वर्षं तिनं सोसलं. एक दिवस मोरीत चक्कर येऊन पडली तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहाच्याही खाली! गर्भाशयात गाठी होत्या. वयाप्रमाणे पाळी जाणं निसर्गाचं होतं, पण हे दुखणं वेगळं होतं. ते तपासल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि तपासायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

पृथ्वीच्या तापाची तपासणी मात्र झालेली आहे. डॉक्टर जसे एकेक शक्यता तपासून बाजूला करतात, तशीच.

पहिला संशय सूर्यावर. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची उष्णता मोजत आहेत. तिच्यात थोडा चढ-उतार होतो, पण तापमान चढत गेलं तशी ती वाढलेली नाही. शिवाय सूर्यच जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा गार होतोय. दुसरा संशय ज्वालामुखींवर. ते वर्षभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणूस सोडतो त्याच्या एक टक्काही भरत नाही. उलट १९९१ मध्ये फिलिपाइन्समधला पिनाटुबो फुटला तेव्हा त्याच्या धुरळ्यानं जग साधारण अर्ध्या अंशानं काही काळ गारच झालं. तिसरा संशय पृथ्वीच्या डुलण्यावर. हिमयुगं येतात-जातात ती त्यानंच, पण त्याला हजारो वर्षं लागतात. अण्णांच्या एका आयुष्यात तो असा फरक पाडू शकत नाही.

मग उरतं काय? कारखाने सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. आणि ही भर आपलीच, याची खूणही सापडते. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळसा-तेलात किरणोत्सारी कार्बन उरत नाही. हवेत असा कार्बन मिसळत गेल्याचं मोजमापात दिसतं. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या आयपीसीनं २०२१ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं, की पृथ्वी सुमारे १.१ अंशानं तापली आहे आणि ते जवळजवळ सगळं माणसामुळे.

गंमत म्हणजे या वायूची करामत पहिल्यांदा दाखवली ती एका बाईनं. अमेरिकेतल्या युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरले, आत थर्मामीटर ठेवले आणि नळ्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली आणि गार व्हायलाही तिला कितीतरी वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, असं त्यांनी १८५६ मध्ये लिहिलं. त्यांचा निबंध सभेत वाचून दाखवला तो एका पुरुषानं, आणि पुढे दीडशे वर्षं त्यांचं नाव जवळपास विस्मरणात गेलं. बाईनं सांगितलेलं दुखणं लवकर कुणी ऐकत नाही, हेही कदाचित ‘निसर्गाचंच’ असावं!

आता ‘माणसानं केलं’ म्हणजे कुणी, हेही विचारायला हवं. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी चौदा टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपल्याकडचा दोन टन. मराठवाड्यात दोन-दोन हंडे घेऊन टँकरमागे धावणारीच्या वाट्याला तर त्यातलेही किती येत असतील? दोष तिचा सगळ्यात कमी आणि पायपीट मात्र सगळ्यात जास्त.

म्हणूनच ‘निसर्गाचंच आहे’ हे वाक्य मला आता साधं वाटत नाही. ते ऐकायला समंजस वाटतं, पण त्यात कुणाला काही करावं लागत नाही. ना वीज कोळशावर बनवणाऱ्यांना, ना घरटी दोन गाड्या उभ्या करणाऱ्यांना. सोसणारीनं तेवढं सोसत राहायचं. ‘माणसामुळे झालं’ हे निदान टोचतं खरं, पण उपाय असलेलं निदान तेच आहे. आईच्या गाठी सापडल्या म्हणून तर ऑपरेशन झालं आणि ती नातवंडांत रमली.

अण्णांना हे सगळं पटलंय असं नाही. पण पुढच्या वर्षी कुरडया मार्चमध्येच घाला, असं त्यांनी आपणहून सुचवलं.

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे कुणी ‘हे निसर्गाचंच आहे’ म्हणालं, मग ते आभाळाबद्दल असो नाहीतर आपल्या दुखण्याबद्दल, तर मान डोलवण्याआधी एवढंच विचारा, ‘‘तपासून पाहिलंय का?’’