शंभरातले किती? आधी सांगा, शंभर कशाचे?



सावकाराने दरमहा शेकडा तीन म्हटले की वर्षाचे छत्तीस झाले, हा हिशेब आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. सरकारी तक्त्यातला शेकडा मात्र आपण मुकाट मान्य करतो. फसगत तिथेच होते.

राष्ट्रीय नमुना पाहणीने 2013 साली देशातल्या शेतकरी कुटुंबांची कर्जे मोजली. जेमतेम गुंठाभर किंवा तेवढीही जमीन नसलेल्या 100 कुटुंबांपैकी 42 कर्जात होती. दहा हेक्टरांवरच्या 100 पैकी 79. साहेब म्हणतील, लहान सुखी, मोठाच बुडाला! आता शेजारचा तक्ता पाहा. कर्जाच्या दर 100 रुपयांत बँका-सोसायट्यांचा पैसा पहिल्या गटात फक्त 15, दुसऱ्या गटात 79. एका तक्त्यातले शंभर म्हणजे घरे, दुसऱ्यातले शंभर म्हणजे रुपये. दोन्ही जोडून वाचले की अर्थ फिरतो. लहानाची गरज कमी नाही. त्याला बँक दारात उभे करत नाही.

2019 च्या पाहणीत कर्जबाजारी कुटुंबे 52 टक्क्यांवरून 50 वर आली. पण एकूण कुटुंबे वाढली होती, म्हणून कर्जातली घरे जवळपास तेवढीच राहिली. सरासरी कर्ज मात्र 47 हजारांवरून 74 हजारांवर गेले. याला सुधारणा म्हणायचे?

गट कसे पाडतात तेही बघा. केंद्राच्या 2008 च्या कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंत पूर्ण माफी होती. त्यापुढच्यांनी आधी उरलेले भरायचे, मग सूट. सावकाराच्या कर्जाला तर माफीच नाही. म्हणजे पाटाच्या पाण्यावर दोन हेक्टर ऊस लावणारा 'लहान', आणि मुरमाड रानात आभाळाच्या भरवशावर तीन हेक्टर कापूस-ज्वारी पेरणारा 'मोठा'! तराजूच खोटा, तर मापाचे काय?

कसाऱ्याच्या घाटाखाली उंबरमाळीत भात-नाचणी करणारा असो की वऱ्हाडातला कापूसवाला, जिल्हा बैठकीत अधिकारी तक्ता घेऊन आले की आम्ही सगळ्यांनी तीनच प्रश्न विचारायचे. शंभर कशाचे? गटात कोण कोण धरले? कोरडवाहू आणि बागायती वेगळे का दाखवले नाहीत?

उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही ठरावावर आमची सही नाही, अंगठाही नाही.