पुसलेल्या दोन ओळी

२०२४ च्या सुरुवातीला ‘एक्सप्रेस’ या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे दुरुस्त्यांचा लोंढा आला. दुरुस्ती कसली, तर माहितीपत्रकाच्या फाइलीत पाठवणाऱ्याने स्वतःचे नाव लिहिलेले. पाठवणाऱ्यांत आपल्या देशातले विद्यार्थी पुष्कळ होते. शिकवणीच्या व्हिडिओत दाखवले तसे त्यांनी केले. मुक्त सॉफ्टवेअरला दुरुस्त्या पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली त्या टी-शर्टासाठीही असेच घडले होते. आपण पोरांना हसलो. पण कामावाचून नाव लावावे हे त्यांना शिकवले कोणी?

सांगली, कऱ्हाड, सातारा. कुठल्याही गावी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कसा तयार होतो हे आपण सगळे जाणतो. कोणीतरी रात्री जागून लिहिलेला आणि जगासाठी खुला ठेवलेला कोड उतरवून घ्यायचा, फाइलीच्या माथ्यावरच्या स्वामित्वहक्काच्या ओळी पुसायच्या आणि चौघांच्या नावाने बांधीव अहवाल सादर करायचा. त्या चौघांतही राबलेला बहुधा एकच. शिक्षक सही करतात, आईबाप पेढे वाटतात. खुल्या कोडला लावला जाणारा एमआयटी परवाना तो कोड वापरू देतो, बदलू देतो, विकूही देतो. बदल्यात मूळ नोंद आणि परवान्याचा मजकूर तेवढा राहू द्या म्हणतो. तेवढेही आपल्याला जड झाले. मीही विद्यार्थी असताना अशा दोन ओळी पुसल्या आहेत. त्यांतले नाव आज मला आठवत नाही. ते लक्षात ठेवण्याजोगे आहे असे तेव्हा वाटलेच नव्हते.

हे आंधळेपण संगणकाबरोबर आलेले नाही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ पासून कृष्णेचे पूर अंगावर घेतो आहे. त्याला नाव व्हाइसरॉयचे. दगड घडवणारे कोण होते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारले नाही. घडवणारा बलुतेदार आणि नाव धन्याचे, ही रीत आपल्या अंगात इतकी मुरली आहे की तिच्यातला अन्याय डोळ्यांना टोचत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर तो अधिक निर्दय होतो. तिथे पुष्कळांना पगार मिळत नाही. जतसारख्या तालुक्यातल्या, कोणाची ओळख नसलेल्या मुलीने चूक शोधून दुरुस्ती लिहिली, तर दाराबाहेर दाखवायला तिच्याजवळ त्या दुरुस्तीच्या नोंदीतले नाव एवढेच असते. वरिष्ठाने तीच दुरुस्ती आपल्या नावे चढवली, तर तिची मजुरीच गेली. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीत लिहिणारा आणि नोंदवणारा यांची नावे वेगवेगळी राहतात. यंत्राला ठाऊक असलेला हा भेद आपण वर्गात शिकवत नाही.

तो शिकवता येईल. पुढच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाने एकेका फाइलीवर बोट ठेवून ‘हे कोणी लिहिले?’ असे विचारावे, आणि दुसऱ्याचे नाव खरेपणाने सांगणाऱ्या मुलाला त्या खरेपणाचे गुण द्यावेत. त्यासाठी गुणपत्रकात एक रकाना वाढवावा लागेल.