'वॉर' : एका शब्दाची लबाडी

इंग्रजीतील 'वॉर' हा शब्द जर्मानिक कुळातला. त्याच्या मुळाशी गोंधळ, गुंतागुंत असा अर्थ आहे. आज या शब्दाने नेमका गोंधळच माजविला आहे. जेथे युद्ध नाही तेथे तो मिरवतो. जेथे माणसे मरतात तेथून तो काढता पाय घेतो.

१९५० साली अमेरिकेचे सैन्य कोरियात लढू लागले. अध्यक्ष ट्रुमन यांनी त्याला 'पोलिसी कारवाई' म्हणणे मान्य केले. तीन वर्षांत लाखो माणसे प्राणास मुकली. अमेरिकी काँग्रेसने युद्धाची रीतसर घोषणा शेवटची केली ती १९४२ साली. व्हिएतनाम आणि इराक त्यानंतरचे! याउलट १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि १९७१ पासून कर्करोग व मादक द्रव्ये यांच्याशीही 'वॉर' सुरू झाले. दारिद्र्याला ना सेनापती, ना तहासाठी येणारा दूत. असे युद्ध संपले हे ठरवायचे कोणी?

कोणी म्हणेल, हे केवळ रूपक; त्याने लोक जागे होतात, त्यात बिघडले काय? बिघडते ते असे : युद्ध म्हटले की शत्रू हवा. मादक द्रव्यांना बेड्या घालता येत नाहीत. म्हणून बेड्या पडल्या त्या व्यसनी माणसाला. उपचारांचा धनी कैदी झाला.

हे लोण आपल्या घरांतही आले आहे. 'कर्करोगाशी त्यांची झुंज अपयशी ठरली,' असे आपण मृत्यूच्या बातमीत सहज लिहितो. म्हणजे सोसून सोसून थकलेला आपला बाप पराभूत ठरला काय? तो हरला नाही; तो आजारी होता. आणि ज्यांची श्रद्धा पुनरुत्थानावर आहे, त्यांनी तरी मरणाला अपयश म्हणू नये.

१९४९ च्या जिनिव्हा करारांनी ही शब्दांची लबाडी ओळखली होती. युद्ध घोषित असो वा नसो, एखादा पक्ष ते नाकारो, सशस्त्र संघर्ष घडला की करार लागू, असे त्यांनी ठरविले. कायद्याने दाखविलेला हा विवेक आपल्या लेखणीलाही हवा. आजाराला आजार म्हणू या, दारिद्र्याला अन्याय म्हणू या. आणि जेथे बाँब पडतात तेथे, कोणी कितीही गोंडस नाव दिले तरी, न कचरता युद्धच म्हणू या.