चंद्रपूरच्या शेतात डायनासोरची विष्ठा! हा ठेवा जपायचा कोणी?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाच्या शेतांत काही ओबडधोबड दगड सापडतात. पण ते साधे दगड नाहीत. ती आहे डायनासोरच्या काळातली, दगड झालेली विष्ठा.

हे दगड इथे आले कसे?
साधारण ६.६ ते ७ कोटी वर्षांपूर्वी मध्य भारतात नद्या आणि तळी होती. त्यांच्या गाळाचे थर साचून खडक झाले. नंतर त्यांच्यावर ज्वालामुखीचा लाव्हा पसरला. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून या खडकांना 'लमेटा' नाव पडलं. ते महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमध्ये दिसतात.

विष्ठेचं एवढं महत्त्व का?
२००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन आलं. पिसदुऱ्याच्या या नमुन्यांत गवताचे सूक्ष्म सिलिका कण सापडले होते, तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे. डायनासोरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच, असं तोवर मानलं जायचं. हा समज विदर्भातल्या या दगडांनी खोडून काढला.

मग अडचण काय?
जीवाश्म जागेवरून हलला की बरीच माहिती कायमची हरवते. तो कोणत्या थरात होता, आजूबाजूला काय होतं, यावरूनच त्याचं वय आणि तेव्हाचं वातावरण कळतं. शोपीस म्हणून घरी नेलेला दगड यातलं काहीच सांगू शकत नाही.

कायदा काय म्हणतो?
१९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा मुख्यतः किल्ले, लेणी, मंदिरं अशा मानवनिर्मित वारशासाठी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भू-वारसा जपण्यासाठी विधेयकाचा मसुदा मांडला. मात्र सगळे अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटतील, असा आक्षेप अनेक संशोधकांनी घेतला.

या चर्चेत एक माणूस सहज विसरला जातो, तो म्हणजे शेतकरी. सातबारा त्याच्या नावावर आहे आणि नांगराला लागलेला दगड सगळ्यात आधी त्यालाच दिसतो. शेत जाईल अशी भीती वाटली, तर तो दगड दाखवेल की गुपचूप बांधावर फेकेल? जीवाश्म वाचवायचे असतील, तर कायद्याने आधी त्याला विश्वासात घ्यायला हवं.

तुम्हाला असा दगड दिसला तर?
उचलू नका. फोटो काढा, जागा नोंदवा आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा.