अपघात कामावरचा, तर नोंदही कामावरचीच : ईएसआय विमाधारक कामगारांना जाहीर आवाहन



चाकण, भोसरीच्या लहान शॉपमध्ये प्रेस मशीनखाली हात सापडणं आपल्याला नवं नाही. बोट तुटतं, कोणीतरी फडकं गुंडाळतं आणि रिक्षात बसवताना सुपरवायझर कानाशी सांगतो, “दवाखान्यात घरी लागलं म्हण, खर्च शेठ करतील.” वेदनेच्या भरात माणूस मान हलवतो. केसपेपरवर ‘घरी दारात बोट सापडले’ अशी ओळ पडते. टाके, मलमपट्टी, पंधरा दिवसांची औषधं, एवढा खर्च शेठ करतातही. पण त्या ओळीमुळे कामगाराचा हयातभराचा हक्क धोक्यात येतो. म्हणून हे आवाहन.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना लागू असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार तिच्यात येतो. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. कायम की ठेक्यावरचा, हा भेद त्यात नाही. आपल्या वेतनातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. पगार पंधरा हजार असेल तर पावतीवर ११३ रुपयांची कपात दिसली पाहिजे. दिसत नसेल तर आजच विचारा. नोंदणी न करणं हा मालकाचा कसूर आहे, त्यापायी कामगारानं हक्क सोडू नये. लाभाची रक्कम ईएसआय महामंडळ अशा मालकाकडून वसूल करू शकतं.

सगळ्यात मोठा गैरसमज ७८ दिवसांचा. आजारपणाच्या भत्त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते, हे खरं. कामावरच्या अपघाताला ती अट लागूच नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी, पहिल्या पाळीत हात गेला तरी अपंगत्वाचा लाभ मिळतो. “अजून तुझे दिवस भरले नाहीत” असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. घरातून कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला, तर यात बसतो. तसेच कामामुळे जडलेले, कायद्याच्या यादीतले आजारही.

जखम भरेपर्यंत, डॉक्टर कामावर जाऊ देत नाहीत तोवर, रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. मात्र अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असायला हवं. कायमचं व्यंग राहिलं तर कमाईची क्षमता किती टक्के गेली ते मेडिकल बोर्ड ठरवतं. कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण अंगठ्याला ३० टक्के आहेत, पूर्ण तर्जनीला १४. हिशेब करून पाहा. रोजचं सरासरी वेतन ५०० असेल तर त्याचे ९० टक्के ४५०, आणि अंगठा गेलेल्याला त्याचे ३० टक्के म्हणजे रोज १३५ रुपये. महिन्याला चार हजारांच्या आसपास, हयातभर. पुन्हा त्याच मशीनवर उभे राहिलात, पगार पूर्ण मिळू लागला, तरी हे पैसे थांबत नाहीत. पंधरा दिवसांच्या औषधांवर हे सोडून द्यायचं का?

बोर्डानं ठरवलेले टक्के पटले नाहीत, तर निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांत अपील करता येतं. हातावर पोट असलेले आपले अनेक लोक बोर्डाच्या निर्णयाचा कागद घडी घालून ट्रंकेत ठेवतात. तसं करू नका.

लहान कारखानदारांनाही कळकळीची विनंती. वर्गणी नियमित भरत असाल तर विमाधारक कामगाराच्या या भरपाईचा बोजा तुमच्यावर येत नाही, महामंडळ तो उचलतं. मग अपघात लपवता कशाला? अपघात-नोंदवहीत लिहा आणि फॉर्म १२ लगेच शाखा कार्यालयाला पाठवा.

आणि बाजूच्या मशीनवरच्या सोबत्यांनो, जखमी माणूस त्या वेळी स्वतःचं काही बघू शकत नाही. पाळीचा अर्धा दिवस बुडाला तरी चालेल, तुमच्यातल्या एकानं त्याच्यासोबत गेलंच पाहिजे. कुठे, किती वाजता, कोणत्या मशीनवर लागलं ते डॉक्टरांना तुम्ही सांगा. लिहिलेलं वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. केसपेपरचा आणि नोंदवहीतल्या पानाचा फोटो त्याच दिवशी काढून त्याच्या घरच्यांच्या मोबाइलवर पाठवा.